बोलणारे एकूण दोन

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर माझं ई-सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सातबारा, पीकविमा, आधारवरचा पत्ता बदलणं, असली कामं दिवसभर चालतात. बारा वर्षं मी हेच करतेय. काउंटरशी आलेला माणूस कोणता दाखला मागणार हे मला त्याच्या हातातल्या पिशवीवरून ओळखता येतं, अशी माझी समजूत होती. ती समजूत कवठे येमाईच्या कुशाबाईंनी एका मिनिटात मोडीत काढली.

पिशवी रिकामीच होती. म्हातारी सत्तरीची, उंच, डोक्यावरून पदर घेतलेली. जानेवारीतला सोमवार, म्हणजे दुकानात पाय ठेवायला जागा नाही. तिनं दोन्ही कोपरं काउंटरवर टेकली आणि विचारलं, "म्याडम, बोलीचा दाखला भेटतो का?"

"कसला दाखला?"

"बोलीचा. बोलायच्या बोलीचा. त्या टीव्हीवर सांगत व्हते, मराठीला कसला तरी मोठा दर्जा दिला म्हून. मंग आमच्या बोलीला का न्हाई? ती तर मराठीपरीस लई कमी मानसं बोलत्यात."

"किती माणसं बोलतात?"

"दोन."

"दोन लाख?"

"दोन. मी आन् आमचं म्हातारं."

रांगेतला एक जण हसला. "आज्जे, नवरा-बायकोची बोली समद्यांचीच येगळी आसती. सरकार कुनाकुनाची नोंद घ्येनार?"

कुशाबाईंनी मान वळवून त्याच्याकडे असं पाहिलं, की तो हातातला अर्ज वाचू लागला. अर्ज उलटा धरला होता. मला म्हातारी त्याच क्षणी आवडली, पण रांग मोठी होती, म्हणून तिला कडेच्या बाकड्यावर बसवलं. ती दोन तास बसली. मधे एकदाही "माझा नंबर कवा" म्हणाली नाही.

दुपारी सर्व्हर बंद पडला. तो रोज त्याच वेळेला पडतो. त्यालाही जेवण लागत असावं. रांग पांगली आणि कुशाबाई माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. मग सगळं ऐकलं.

कुशाबाई आणि त्यांचे मालक, ज्यांना सगळी वस्ती आण्णा म्हणते, यांनी चाळीस वर्षं मेंढरं राखली. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून निघायचं, घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. पुढं चराईचं रान संपलं. कुठं ऊस आला, कुठं कंपन्यांची कुंपणं आली. सहा वर्षांपूर्वी त्यांनी कळप विकला आणि असलेल्या जमिनीत झेंडू लावला. मुलगा मल्हार हंगामात पाटसच्या साखर कारखान्यावर कामाला असतो. सून साधना झेंडू बघते. सगळं ठीक चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी आण्णांच्या अंगावरून वारं गेलं.

उजवा हात-पाय निम्मा परत आला. बोलणं आलं नाही. आण्णांना सगळं समजतं, राग येतो, हसूही येतं, पण तोंडातून शब्द म्हणून निघत नाही. पहिले तीन आठवडे त्यांनी भिंतीकडे तोंड करून काढले.

"मंग एक दिस मी भाकरी थापत व्हते," कुशाबाई म्हणाल्या. "मागून आवाज आला. टक-टक. टाळ्याला जीभ लावून. मेंढरास्नी पान्यावर न्यायचं आसलं की आमी आसं करतो. मी तशीच उठले, पिठाच्या हातानं तांब्या भरला, त्यास्नी दिला आन् परत येऊन भाकरी थापाया लागले. निम्मी भाकरी थापल्यावर डोक्यात उजेड पडला, की ह्ये तर बोललं! मंग लई रडले. भाकरी करपली."

शब्द गेले होते, हाळ्या शिल्लक होत्या. डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं कधीकधी. तेव्हापासून मेंढरांसाठी वापरायच्या हाळ्यांवर नवरा-बायकोचं चाललं होतं. टक-टक म्हणजे पाणी. ओठ फुगवून काढलेलं 'बुर्र' म्हणजे थांब. ते आता "पुरे, आणखी भाकरी नको" या अर्थानं येतं. कळपाला मीठ चाटवायला बोलवायचा एक घशातला हेल असतो. तो आला की समजायचं आण्णांना भूक लागलीय. एक लांब शीळ होती कळप वळवायची, आता ती आण्णांची कूस किंवा खुर्ची वळवायला. अशा सगळ्या मिळून सात.

"मग अडचण काय आहे, आजी?"

त्यांनी पोटावर हात ठेवला. "हितं खडे झाल्यात. दौंडचा डाक्टर म्हनतो आप्रेशन करा. तीनदा तारीख दिली, तीनदा मी न्हाई गेले. आठ दिस मी तिकडं पडले तर ह्येचं कोन समजून घ्येनार? मागल्या म्हयन्यात नुसती लग्नाला गेले सांच्यापातुर, तर हितं म्हातारं पानी-पानी करून दमलं, आन् साधना त्येला पांघरुन घालतीय."

"तारखा चुकवल्यावर डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हनला, आता खडा आडकला तर मला बोलवू नका, भटजीला बोलवा." आणि स्वतःच हसल्या.

मी म्हणाले, सोपं आहे, सुनेला शिकवा. कुशाबाई स्टँडवरून बाहेर पडणाऱ्या नगरच्या गाडीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "शिकवायचंच हाय. पन कागुद आला की साधना मनावर घ्येती. बचत गट बी कागदावरच शिकली ती."

मला ते तेव्हा पटलं. आता वाटतं, मी जरा जास्तच पटकन पटवून घेतलं.

सर्व्हर उठला. शोधाशोध करता पुण्यातली एक संस्था सापडली, जी लोप पावत चाललेल्या बोलींची अधिकृत नोंदवही करत होती. अर्ज पाच पानी. पहिलाच रकाना, भाषेचे नाव. कुशाबाई म्हणाल्या, "नाव? तिला आमी कवा हाक मारायची?" मी लिहिलं, मेंढरांची हाळी. लिपी, नाही. साहित्य, नाही. बोलणाऱ्यांची संख्या, दोन. बोलणाऱ्यांचं सरासरी वय काढलं तर ते चौऱ्याहत्तर आलं. इतका स्वच्छ अर्ज मी आयुष्यात भरला नव्हता. पाठवून दिला.

चार दिवसांत उत्तर आलं. 'सदर बाब भाषा अथवा बोली या व्याख्येत बसत नाही.'

माझं डोकं फिरलं. मुळात माझं डोकं लवकर फिरतं, हे आमच्या स्टँडवर सगळ्यांना ठाऊक आहे. चहावाला मला सकाळी बिनसाखरेचा पाठवत नाही तो त्याचमुळे. मी फोन लावला. म्हटलं, "तुमच्याच अर्जाच्या तळाला छापलंय, बोलणारे दहापेक्षा कमी असतील तर तातडीनं कळवा. मी तातडीनं कळवलंय. त्यातल्या एकीला खडे झालेत. आता तुम्ही व्याख्या बघत बसणार की येणार?"

पलीकडे एक मुलगी होती. ती हसली. तिचं नाव प्रांजल. म्हणाली, नोंदवहीत 'व्यवसायातल्या हाका व संकेत' असं एक प्रकरण आहे, त्यात बसवता येईल, मी स्वतः येते. पुढच्या रविवारी ती खरंच आली आणि आम्ही दोघी माझ्या स्कूटीवर कवठ्याला गेलो.

कुशाबाईंची वस्ती गावाबाहेर. पुढं झेंडू, मागं कडब्याची गंजी, दारात लिंब. आण्णा लिंबाखाली खुर्चीत बसले होते. पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा. मला वाटलं होतं की दुबळं, केविलवाणं कुणी दिसेल. हा माणूस आमच्याकडे असा बघत होता, जणू आम्ही दोघी त्याच्या रानात विचारल्याशिवाय शिरलोय.

प्रांजलनं रेकॉर्डर काढला. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून माइकवर केसाळ टोपी होती. कुशाबाईंनी ती चिमटीत धरून पाहिली. "लोकर खोटी हाय," म्हणाल्या आणि बसल्या.

पद्धतीप्रमाणे प्रांजलनं दोनशे शब्दांची यादी काढली. "सूर्याला काय म्हणतात?"

"सूर्व्य."

"नाही, तुमच्या हाळीत?"

"मेंढराला सूर्व्य कशाला सांगायचा? त्येला दिसतोय की."

यादी परत पिशवीत गेली. प्रांजल म्हणाली, बरं, नुसती पाण्याची हाळी द्या. कुशाबाई उठल्या, आत गेल्या, तांब्या भरून आणला, मग टक-टक केलं आणि तांब्या आण्णांच्या हातात दिला. आण्णा प्यायले. मागून बस गेली म्हणून ती हाळी वाया गेली. प्रांजल म्हणाली, परत द्या. कुशाबाई परत आत गेल्या, तांब्या भरला.

"आजी, पाणी राहू द्या, फक्त आवाज द्या."

"आसं कसं? खोटी हाळी देत न्हाईत."

हा त्यांच्यातला नियम. मीठ दाखवायचं नसेल तर मिठाची हाळी द्यायची नाही. पाणी नसेल तर पाण्याची नाही. मेंढरू एकदा फसतं, दुसऱ्यांदा मान वर करत नाही, आणि मग खरंच लांडगा आला तरी कळप जागचा हलत नाही. चाळीस वर्षांत त्यांनी एक हाळी फुकट दिली नव्हती. आता रेकॉर्डरसाठी द्यायला त्या तयार नव्हत्या, आणि का द्यावी?

म्हणून पाण्याची हाळी नीट मिळेपर्यंत आण्णांनी सहा वेळा पाणी प्यायलं. एकदा कोंबडं आरवलं, एकदा माझाच फोन वाजला. खात्रीसाठी सातव्यांदा कुशाबाई तांब्या घेऊन आल्या तेव्हा आण्णांनी ओठ फुगवले आणि रेकॉर्डरकडे रोखून बघत मोठ्ठं 'बुर्र' केलं. आम्ही इतक्या हसलो की प्रांजलला डोळे पुसावे लागले. आण्णाही हसले. थांबायच्या हाळीचा अस्सल नमुना आपोआप मिळाला.

दुपारपर्यंत पाच हाळ्या झाल्या. सहावी लांडग्याची. कुशाबाई म्हणाल्या, "लांडगा कुठंय?" विषय संपला. सातवी घरी परतल्याची. सांजेला कळप मेंढरं कोंडायच्या वाड्याशी पोचला, शेवटचं कोकरू आत आलं, की मेंढका ती एकदाच देतो, म्हणजे घरच्यांना कळतं की सगळी आली.

"ती तर द्या," प्रांजल म्हणाली.

"ती आण्णा द्यायचं, मी न्हाई. मेंढरं विकली तवापास्नं दिली न्हाई त्यांनी." कुशाबाईंनी पदर सारखा केला. "आन् आता कोन परत येनार हाय?"

तेवढ्यात साधना चहा घेऊन आली. चाळिशीतली, कष्टानं रापलेली, झेंडूचे पिवळे डाग बोटांवर. तिचं माहेर पाटसकडं. तिची माणसंही मूळची मेंढरंवालीच, पण तिच्या आजोबांनीच ऊस लावला. तिनं मेंढरू पाहिलं ते बाजारात. चहा ठेवता ठेवता ती कुणाकडेही न बघता म्हणाली, "ही दोन सालं मी बी ह्याच घरात हाय. मला एक टक-टक कुनी सांगितलं न्हाई. आन् पुन्याची बाई आली की लगी समदं."

कपबश्या ठेवून ती परत झेंडूत गेली. प्रांजल सामान आवरत होती तेव्हा कुशाबाई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "खोटं न्हाई ती बोलली. शितल, खरं सांगू का? लगीन झाल्यापास्नं ह्यो मानूस पारावर बसून धा गावच्या लोकांशी बोलायचा. माझ्याशी काय? भाकर आन, पानी आन. आन् ही दोन सालं बघ. समदं माझ्याशीच बोलतंय. दुसऱ्या कुनाला कळतच न्हाई. मला ग्वाड वाटाया लागलं गं ते." डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज साधा होता. "म्हून न्हाई शिकवलं."

माझ्या घरी नवरा शब्दांनी बोलतो, आणि मी निम्मं ऐकत नाही.

प्रांजलनं पाचही हाळ्या साधनाच्या फोनवर पाठवल्या, नावं टाकून. ऑपरेशनची चौथी तारीख ठरली. निघायच्या आदल्या दिवशी कुशाबाईंनी साधनाला मला फोन लावायला सांगितला आणि माझ्यावर डाफरल्या, "तुज्या भरवशावर जातीय." मल्हारनं जीप करून त्यांना दौंडला नेलं. तो रात्रपाळी बदलून त्यांच्याजवळ राहणार होता.

आता माझी चूक. मीच साधनाला सल्ला दिला होता. आण्णांनी हाळी दिली आणि ओळखू आली नाही तर फोनवरच्या फाइली लावून बघ, जुळेल ती खरी. शिवाय आण्णा चिडले तर आत्यांचा, म्हणजे तुझ्या सासूबाईंचा, आवाज लाव, बरं वाटेल त्यांना. सल्ला देताना मी स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता साधनाचा फोन आला. रडत होती.

"म्याडम, आण्णांनी काय तरी आवाज केला. पानी का जेवान, समजंना. तुमी सांगितलं तशी फायल लावली. आत्यांची पान्याची हाळी वाजली. आन् आण्णा उठलं की हो काठी घेऊन! आधी घरात गेलं, मंग मोरीत, मंग कडब्याच्या गंजीमागं. समदीकडं आत्यास्नी हुडकलं. आन् आता येऊन भिंतीकडं तोंड करून बसल्यात. पानी दिलं तर तांब्या भिरकावला. भाकर शिवली न्हाई."

हाळी आली आणि मागं माणूस नाही. चाळीस वर्षांत कुशाबाईंनी जे एकदाही केलं नव्हतं, ते मी एका फोनवरून करवून घेतलं होतं. तेही त्यांच्याच आवाजात. मी कुणाला तरी पीकविम्याचा फॉर्म भरून देत होते. त्यात गावाच्या जागी पिकाचं नाव लिहिलं.

दौंडला फोन करावा तर ऑपरेशन चालू होतं. मी साधनाला म्हटलं, "फाइल परत लावू नको. चुकलं माझं."

"मंग आता काय करू?"

"मला माहीत नाही."

बारा वर्षांत काउंटरवर बसून मी हे वाक्य बहुधा पहिल्यांदा म्हणाले असेन. साधनानं फोन ठेवला.

पुढचं तिनं मला नंतर सांगितलं. ती कानात इअरफोन घालून झेंडूत गेली, आण्णांना ऐकू जाणार नाही इतकी लांब. टाळ्याला जीभ लावून बघितली. नुसती थुंकी उडाली. परत, परत. मग तिच्याच लक्षात आलं की पाणी न देता पाण्याची हाळी द्यायची नसते, आणि आपण तर वीस वेळा दिली. इकडं तिकडं बघितलं. शेजारी नळी होती, समोर झेंडू होता. ती हाळी द्यायची, नळी सोडायची. हाळी, नळी. मिठाच्या हाळीला घमेल्यातलं खत टाकायची. वळवायच्या शिळेला एकेका वाफ्याकडं पाणी वळवायची. त्या आठवड्यात त्यांच्या झेंडूला जितकं खतपाणी झालं तितकं सणासुदीलाही होत नसेल. शेजारच्या सोजराबाई बांधावरून बघत होत्या. त्यांनी गावात सांगितलं की सासू दवाखान्यात, सासरा असा, सुनेच्या डोक्यावर परिणाम झालाय, झाडांशी बोलतीय.

आण्णा त्या दिवशी संध्याकाळी थोडं दूध प्यायले. तिसऱ्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली, पण साधनाकडे न बघता. आवाज एकही नाही. जे शिल्लक होतं तेही त्यांनी बंद केलं होतं. तिकडून मल्हारचा फोन आला की ऑपरेशन चांगलं झालं, आई विचारतीय आण्णा कसे आहेत. साधना म्हणाली, बरे आहेत. ते म्हणताना आपल्याला कसं वाटलं हे तिनं मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ती तांब्या भरून आण्णांच्या समोर जाऊन उभी राहिली. पाठीमागं नाही, समोर. तांब्या त्यांना दिसेल असा धरला आणि टाळ्याला जीभ लावली. टक-टक.

आण्णांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग तांब्याकडे. मग परत तोंडाकडे. साधना म्हणते, तिला वाटलं की आता तांब्या जाणार. आण्णांनी हळूच ओठ फुगवले. 'बुर्र.' नको, तहान नाही.

आता हाळी तर दिली होती, पाणी परत कसं न्यायचं? साधनानं तांब्या तोंडाला लावला आणि आण्णांच्या समोर उभ्यानं सगळा पिऊन टाकला. हाळी खोटी पडू दिली नाही. खाली बघते तर आण्णांच्या मिशा हलत होत्या.

तासाभरानं तिला मिठाचा हेल ऐकू आला. तिनं भाकरी नेली. बरोबर निघालं.

कुशाबाई यायच्या दिवशी मी वस्तीवर गेले. कारण होतं, संस्थेचं पत्र आलं होतं. नोंद स्वीकारली गेली होती, क्रमांकासकट, गोल शिक्क्यासकट. फक्त दोन त्रुटी कळवल्या होत्या. एक, नमुना क्रमांक सहा आणि सात प्राप्त नाहीत. दोन, बोलणाऱ्यांची सद्य संख्या खात्री करून कळवावी. खरं तर हे फोनवर सांगता आलं असतं. पण मला तोंड दाखवायचं होतं. माझ्या भरवशावर गेली होती म्हातारी.

चारच्या सुमाराला रस्त्यानं जीप वळली. साधना ओले हात पुसत बाहेर आली. मी तिच्या शेजारी उभी राहिले. जीप लिंबापर्यंत आली, मल्हार उतरला, त्यानं मागचं दार उघडून आईला हात दिला. कुशाबाई वाळल्या होत्या. एक पाय खाली टेकला, मग दुसरा.

आणि आण्णांनी हाळी दिली.

ती मी आधी कधीच ऐकली नव्हती, पण कुठली ते मला कुणी सांगावं लागलं नाही. खोल, पोटातून निघालेली, आधी खाली राहणारी आणि मग उघडत जाणारी. झेंडूच्या पलीकडं सोजराबाई होत्या, त्याही बांधावर उभ्या राहिल्या. मल्हारचा हात जीपच्या दारावर होता, तो तिथंच राहिला. वारं गेलेल्या माणसात एवढा आवाज असेल असं कुणाला वाटलं नसतं. कुशाबाई जीपला धरून उभ्या होत्या. पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "व्हय, व्हय. आली समदी."

माझा फोन माझ्या हातात होता. रेकॉर्ड करायचं मला सुचलंच नाही. साधनाला सुचलं असतं तरी तिनं केलं नसतं.

मग ओसरीवर चहा झाला. कुशाबाई पोटाला हात धरून खांबाला टेकल्या होत्या आणि दवाखान्यातल्या सगळ्या बायकांची दुखणी एकेक करून सांगत होत्या. लिंबाची सावली सरकून आण्णांच्या तोंडावर ऊन आलं. त्यांनी ती लांब शीळ घातली, खाली उतरत जाणारी. कुशाबाई बोलता बोलता उठायला लागल्या. तोवर साधना आतून आली, आण्णांची खुर्ची धरून सावलीकडं वळवली, टोपी सारखी केली आणि परत आत गेली. हे इतकं सहज झालं, की मल्हारनं वरही पाहिलं नाही.

कुशाबाई अर्ध्या उठलेल्या तशाच राहिल्या. मग हळूहळू परत बसल्या. त्यांना आनंद झाला होता आणि वाईटही वाटत होतं. दोन्ही एकाच तोंडावर स्पष्ट दिसत होतं आणि लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. त्यांना मागं टाकून काहीतरी पुढं गेलं होतं, आणि ते त्यांनीच मागितलं होतं.

मी पत्र काढलं. वाचून दाखवलं. "आजी, बोलणाऱ्यांची संख्या काय लिहू?"

कुशाबाईंनी आतल्या अंधाराकडं तोंड करून हाक मारली, "साधना, लांडग्याची हाळी यिती का गं तुला?"

"न्हाई, आत्या."

"शिकवती. पोट बरं होऊंदी." मग माझ्याकडे वळल्या. "तीन लिव्ह."

मी तीन लिहिलं. सहाव्या नमुन्याच्या रकान्यात लिहिलं, लांडगा आल्यास कळवू. प्रांजल हसेल, तिचे साहेब चिडतील, बघू काय ते. सातव्या रकान्याशी थोडं अडखळले, कारण आम्ही अर्जवाल्यांना रकाना मोकळा ठेवण्याची सवय नसते. शेवटी लिहिलं, ही हाळी घरचं माणूस परत आल्यावरच देतात. खाली शेवटच्या वापराची तारीख विचारली होती. तिथं मी आजची तारीख घातली.